कारणाचा रकाना

“ती मुकी आहे का हो?”

स्वयंपाकघरातून आवाज आला. आम्हाला त्या घरात येऊन तासही झाला नव्हता. मी ओटीवर बसून बॅगेची अडकलेली चेन ओढत होते. घरच्या काकू मॅडमना विचारत होत्या, आणि मधल्या भिंतीमुळे मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटत होतं.

“मुकी नाय,” मॅडम म्हणाल्या. “इंग्लिश मिडियमची आहे.”

“असं होय,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना ते पटलंही. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी एकेक शब्द सुटा करून बोलत राहिल्या. “भात. वाढू. का?” मी मान हलवायचे. मला मराठी येतं, घरी आम्ही मराठीच बोलतो, हे सांगायची वेळ पहिल्या जेवणालाच निघून गेली होती. पुढे सांगणं विचित्र दिसलं असतं.

नाशिकहून तीन एसट्या बदलून आम्ही कोकणातल्या त्या गावात पोचलो होतो. नदी तिथे इतकी संथ आहे की पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते मला दोन दिवस कळलं नाही. काठाने माडांच्या आणि सुपारीच्या बागा, बागांच्या आत घरं, आणि एका लाकडी पुलापलीकडे, चालत वीस मिनिटांवर समुद्र. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. किनारा राखीव आहे. वाळूत एक जाळीचं कुंपण आहे, त्याला सगळे हॅचरी म्हणतात. कुत्र्यांनी आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून अंडी मूळ जागेवरून काढून तिथे पुरतात.

मॅडम त्या गावात दरवर्षी जायच्या. का जायच्या, हे मला आजही नीट माहीत नाही. आमच्या कारखान्यात त्यांनी एकाला सांगितलं होतं की डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आहे. दुसऱ्याला सांगितलं होतं की नवस आहे. मी विचारलं नव्हतं, तरी मला एकदा बसमध्ये म्हणाल्या, “तिथं मला कोणी तपासायला काही देत नाय.” आणि मग लगेच पुढच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघून नाक मुरडलं.

त्या माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेब. सातपूरच्या एका लहान कारखान्यात तपासणी विभाग त्यांच्याकडे होता. आम्ही पितळेचे बुश बनवायचो, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या बोटभर लांबीच्या नळ्या. मॅडम मूळच्या सिन्नरच्या. आयटीआय करून लागल्या, कितीतरी वर्षं सिन्नर-सातपूर एसटीने आल्या-गेल्या, मग इंदिरानगरला एक खोली-स्वयंपाकघर घेऊन एकट्या राहिल्या. साडीवर निळा ॲप्रन, पर्समध्ये कंगव्याच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. हॉटेलात डोसा आला की आधी पट्टी लावायच्या आणि वेटरला सांगायच्या, “मागच्या वेळेपेक्षा अर्धा इंच कमी.” भांडायच्या नाहीत. फक्त त्याला माहिती असावी म्हणून.

कॅन्टीनमधला टवका गेलेला ग्लास त्यांच्यासमोर आला की त्यावर खडूने फुली मारून परत पाठवायच्या. आचाऱ्याने ते ग्लास वेगळे ठेवायला सुरुवात केली, आणि शेवटी मॅनेजर सोडून सगळ्यांना फुलीवाल्या ग्लासातच चहा मिळायला लागला.

नापास माल लाल पेटीत जायचा आणि सोबत लाल कार्ड. कार्डावर एक रकाना होता, कारण. कोणी तिथे ‘खराब’ लिहिलं की मॅडम कार्ड परत करायच्या. “खराब हे कारण नाय. ताप आलाय हा आजार नसतो. काय झालं, कुठं झालं, कोणाच्या हातून झालं, ते लिही.” ऑपरेटर वैतागायचे. मागे म्हणायचे, मॅडमनी लग्नाच्या वेळी नवरदेवालाच लाल कार्ड लावलं, कारण, उंची चार एमएम कमी. एकदा हे त्यांनी ऐकलं. वळून शांतपणे म्हणाल्या, “उंची ओके होती रे. फिनिशिंग नव्हतं.” दोन दिवस कारखान्यात तेवढंच चाललं होतं.

मला त्या का आवडायच्या हे सांगणं सोपं आहे. शाळेपासून प्रत्येकाने मला सांगितलंय की जरा बोलत जा. टीचर, मावश्या, कॉलेजचे सर, इंटरव्ह्यू घेणारी बाई, सगळ्यांनी. मॅडमनी पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बोलायचं काम नाय इथं. लिहायचं.” तेव्हा त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. हे त्यांनी मॅनेजरला कळू दिलं नव्हतं. त्या तपासायच्या, तोंडाने सांगायच्या, मी कार्डावर लिहायचे. दीड वर्ष आमचं असं चाललं. त्या दीड वर्षात मी त्या टेबलावर इतकी निवांत होते, तितकी घरीही नव्हते.

डोळ्यांनी दगा दिल्यावर त्या बोटांनी बघायला लागल्या होत्या. बुश चिमटीत धरायचा, अंगठ्याने फिरवायचा, एक, दोन, तीन, आणि ठेवायचा. तिसऱ्या फेऱ्यात त्यांना चर कळायचा, जो मला भिंगातूनही दिसायचा नाही. हळूहळू तो हात सगळीकडे चालायला लागला. एसटीचं तिकीट, पेढा, पेनाचं टोपण, सगळ्याला तीन फेरे. इंदिरानगरचा भाजीवाला त्यांना म्हणायचा, “बाई, टमाटे घ्यायला आलाय का पेपर तपासायला?” त्या त्याला उत्तर द्यायच्या, “देठापाशी मऊ आहे,” आणि हातातला ठेवून पुढचा घ्यायच्या. बोलताना दुसरीकडे बघत असायच्या. हात आपला फिरवत असायचा.

त्या फेब्रुवारीत त्या माझ्या आईला भेटायला आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “डोळ्यांमुळं एकटी जायला भीती वाटते. पोरगी सोबत द्या. चार दिवस.” आईला आनंद झाला, मी कुठेतरी जाते आहे म्हणून. मला विचारलं नाही, आणि मीही नाही म्हटलं नाही.

मॅडमनी गावासाठी द्राक्षांची पेटी आणली होती. प्रत्येक घड वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळून. तीन एसट्यांत ती पेटी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. एक घड काकूंना, एक पुलाशेजारच्या दुकानदाराला, आणि सगळ्यांत चांगला बबनदादांना.

बबनदादा म्हणजे हॅचरी सांभाळणारे. पन्नाशीचे, बारीक, सदऱ्याची उजवी बाही नेहमी खांद्यापर्यंत दुमडलेली. हंगाम सुरू झाला की रोज पहाटे किनाऱ्याचं एक टोक ते दुसरं टोक चालायचं, वाळूत कासवाच्या पायांची खूण शोधायची, अंडी काढायची, हॅचरीत पुरायची. त्यांच्या आधी हे काम त्यांचे थोरले भाऊ करायचे. गावात त्यांना कोणी आडनावाने ओळखत नव्हतं. ‘कासवाचा बबन’ म्हटलं की झालं. पोराच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा वर कासवाचं चित्र होतं, गणपतीच्या खाली. ती पत्रिका त्यांनी आम्हाला पाकिटातून काढून दाखवली.

मॅडम त्यांना दरवर्षी एकच विचारायच्या, अंडी काढताना मला मदतीला घ्याल का. ते दरवर्षी हसून टाळायचे, कारण बाहेरच्या माणसाने अंड्यांना हात लावायचा नसतो, तसा नियमच आहे. त्या वर्षी त्यांच्या सोबतचा माणूस तापाने पडला होता. आमच्या तिसऱ्या दिवशी पहाटे ते काकूंच्या अंगणात आले आणि म्हणाले, “बाई, एक घरटं हाय. मोठं हाय. चला येता तर. पन कोनाला बोलू नका.”

मॅडम चप्पल न घालता निघाल्या.

कामाची पद्धत अशी होती. बबनदादा वाळूवर पालथे झोपले आणि त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात घातला. आधी अंडी काढली नाहीत. तळाला बोट टेकवून, वाळूच्या कडेला दंड जिथे आला तिथे ओल्या वाळूचं एक बोट ओढलं. ती त्यांची खूण. आई जितकं खोल खणते तितकंच आपण खणायचं, कमी नाही, जास्त नाही. मॅडमनी पट्टी काढली. बबनदादा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई. हिचं माप हिला ठावं.”

मग अंडी. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण मऊ, दाबलं तर खळगा पडेल अशी. ते एकेक काढून खांद्यावरून मागे द्यायचे. मॅडम घ्यायच्या आणि वाळू घातलेल्या बादलीत ठेवायच्या. मी समोर बसून वहीत रेघा मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी, कारण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी मी अजूनही चुकते.

“जसं हातात येल तसंच ठेवायचं हां बाई,” बबनदादा तोंड वाळूकडे ठेवूनच म्हणाले. “वरची बाजू वर. आत जीव वर चिकटलेला असतो. फिरलं की मेला.”

“हो, हो,” मॅडम म्हणाल्या. आणि पहिलं अंडं चिमटीत धरून अंगठ्याने फिरवलं. एक, दोन, तीन. आणि ठेवलं.

मी रेघ मारली.

दुसरं आलं. एक, दोन, तीन. त्या समुद्राकडे बघत होत्या. उजाडत होतं आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, मला नीट समजलं नसेल. गोल अंड्याला वरची बाजू कुठली? कदाचित हळू फिरवलेलं चालत असेल. कदाचित बबनदादांना माहीत असेल, ते ओळखतात त्यांना इतकी वर्षं. पाचव्या अंड्याला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “किती झाली?” मी म्हटलं, “पाच.” मग दहा झाली. मग वीस. आणि विसाव्यानंतर प्रश्नच बदलला. आता बोलले तर पहिल्याला का नाही बोललीस, हे सांगावं लागलं असतं. मी रेघा मारत राहिले. शंभराच्या वर गेल्या.

हॅचरीत बबनदादांनी खड्डा खणला, मडक्यासारखा, तोंड लहान आणि पोट मोठं. पुन्हा पालथे झोपून हात आत घातला. दंडावरची वाळूची खूण बरोबर कडेला टेकली. मी ते अगदी जवळून पाहिलं. त्यांनीही पाहिलं आणि स्वतःशीच मान डोलावली. मग अंडी आत गेली, वर वाळू, वर तारखेची पाटी.

दुपारी काकूंनी घावणे केले. मॅडमनी नेहमीपेक्षा दोन जास्त खाल्ले. एकालाही पट्टी लावली नाही. हात धुताना मला म्हणाल्या, “कळलं का, आज एकही पीस नापास नाय. सगळे ओके. आयुष्यात पहिल्यांदा.”

म्हणजे त्यांनी तपासलं होतं. आणि तपासलं हे त्यांना माहीत होतं. पण फिरवलं हे माहीत होतं का? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या टॉवेलला हात पुसत होत्या. टॉवेलची शिवण अंगठ्याखाली फिरत होती.

नाशिकला परत आल्यावर मी कारखान्यात, बसमध्ये, घरी जेवताना, सगळीकडे दिवस मोजायला लागले. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. मी नेटवर वाचलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की अंडं घातल्यावर थोड्या तासांत फिरवलं तर काही होत नाही. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, होतं. कासव रात्री कधी आलं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्या ठिकाणावर विश्वास ठेवायचं ठरवलं. काही दिवस तो टिकला.

इथेच पुढचंही थोडं सांगून टाकते, कारण शेवटी मला ते सांगता येणार नाही. मॅडम त्या पावसाळ्यात निवृत्त झाल्या. आता सिन्नरला भावाकडे असतात. दिवाळीला फोन करतात, आईची तब्येत विचारतात, भावाच्या घरातल्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत ते सांगतात. कासवांचा विषय काढत नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सांगितलं, “माझ्या खुर्चीवर हिला बसवा,” आणि माझ्याकडे न बघता डबा उचलून गेल्या. ती खुर्ची म्हणजे अख्ख्या कारखान्याचा राग झेलायची जागा आहे. त्यांनी मला बक्षीस दिलं की शिक्षा केली, हे मला कळलेलं नाही. मी आता त्या खुर्चीवर बसते. लोक माझ्यावर चिडतात. मी कारण लिहिते.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो. मॅडमचा हट्ट होता की ‘आपलं’ घरटं निघताना बघायचं. त्या ‘आपलं’ म्हणायच्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे.

हॅचरीत प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी ठेवलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची, खाली पिल्लं असली की पाटीत घेऊन समुद्रापासून थोडं अलीकडे सोडायची, ती आपली आपण जातात. आजूबाजूच्या टोपल्यांखालून पिल्लं निघत होती. दोरीमागे उभे असलेले पर्यटक त्यांना हळू आवाजात “चल, चल” म्हणत होते. आमची टोपली उचलली की खाली नुसती वाळू. पहिल्या संध्याकाळी. दुसऱ्या सकाळी. बबनदादा म्हणाले की मुदत होऊन आठवडा गेला होता. मॅडम म्हणाल्या, “थंडी होती यंदा. उशीर होणार.” बबनदादा दर वेळी टोपली जरा जास्तच हळू खाली ठेवायचे.

तिसऱ्या सकाळी वनरक्षक आला. तरुण, नम्र, हातात फायलीची पाटी आणि तिच्यावर एक छापील कागद. घरटं निघालं नाही की ते उकरून बघायचं आणि नोंद करायची असते. त्याने बबनदादांना उकरायला सांगितलं. अंडी जशीच्या तशी होती. पिवळी पडलेली, काही आत चेपलेली. एकही फुटलेलं नव्हतं. मॅडमनी एक हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच न फिरवता परत ठेवलं. की तसं मला वाटलं. त्या क्षणाबद्दल मी कितीदा विचार केलाय.

“एवढं मोठं घरटं, एकपण नाही?” वनरक्षक म्हणाला. “काय झालं बबनदादा?”

“काय सांगू साहेब.”

“वरून विचारतात हो मला. यंदा दुसऱ्या एका घरट्याचंही निम्मंच निघालंय. लोक म्हणतात, बबनचं वय झालं, नवीन पोरगं घ्या. मी काय उत्तर देऊ?”

त्या पहाटे बाहेरच्या माणसाला हात लावू दिला हे बबनदादा सांगू शकत नव्हते. आणि त्यात काही बिघडलं असेल असा संशयही त्यांना नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांना स्वतःचाच संशय आला होता.

मॅडम खाली बसल्या. पर्समधून पट्टी काढली, खड्ड्यात सोडली, अंगठ्याने खूण करून पुन्हा सोडली, असं करत तळापर्यंत गेल्या. मग वनरक्षकाच्या कागदावर डोळे बारीक करून बघितलं. “यात खोली किती पाहिजे म्हणून लिहिलंय?”

त्याने आकडा सांगितला.

“दोन इंच कमी आहे,” मॅडम म्हणाल्या. “वाळू वर तापते. दोन इंचात लय फरक पडतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दोष देणंही नव्हतं. कारखान्यात असायचा तोच आवाज, कारण सापडल्यावरचा, थोडा समाधानी. “हाताचं माप आहे. चुकतं.”

“मॅडम कंपनीत क्वालिटीला आहेत,” बबनदादाच वनरक्षकाला म्हणाले, जणू त्यांची बाजू मांडत होते. “त्यांना कळतं.” आणि मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हात सरळ केला, कोपरात दुमडला, पुन्हा सरळ केला. म्हातारपणी हात आखडतो का, असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले.

“मग तसंच लिहू?” वनरक्षकाने विचारलं. “खड्डा उथळ?” त्याला ते आवडत नव्हतं, पण त्याला कारण हवं होतं. “पुढच्या हंगामाला मग दुसऱ्या कोणाला बघावं लागेल, दादा. माझ्या हातात नाही.”

“बघा,” बबनदादा म्हणाले.

मॅडमनी त्याच्याकडून पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. “लिही गं. तुझं अक्षर बरं आहे. कारण, खड्डा उथळ, दोन इंच.”

मी पेन घेतलं. कागदावर बरेच रकाने होते, घरट्याचा क्रमांक, तारीख, अंडी, पिल्लं. पिल्लांपुढे वनरक्षकाने शून्य लिहिलं होतं. त्याच्यापुढे ‘कारण’, आणि पुढची जागा कोरी. दीड वर्षात मी त्यांच्या तोंडचं असं किती कार्डांवर लिहिलं असेल. एकदाही त्यांनी चुकीचं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, खरंच दोन इंच कमी असेल. मीच चुकीचं पाहिलं असेल. मग बबनदादांच्या दंडावरची ती ओली रेघ आठवली, वाळूच्या कडेला बरोबर टेकलेली, आणि त्यांची स्वतःशीच डोललेली मान.

“लिही ना,” मॅडम म्हणाल्या. “काय झालं?”

तिघं माझ्याकडे बघत होते. मागे कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलं आणि बंद झालं. मी पेन पाटीवर ठेवलं. ते घरंगळून वाळूत पडलं, आणि कोणी उचललं नाही.

“मॅडम, खड्डा बरोबर होता,” मी म्हटलं. “अंडी तुम्ही फिरवली होती. प्रत्येक. आणि मी समोर बसून रेघा मारत होते.”